चाळीस मिनिटांची मातृभाषा

वर्धा शिक्षण योजनेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. लिहिणारे साधारणपणे दोन प्रकारचे. काही तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले, तर काहींनी चरख्याचे वेड म्हणून तिला हसण्यावारी नेले. या दोन्ही प्रकारच्या लेखनात एक साधा प्रश्न सहसा भेटत नाही. ज्या मुलाच्या घरात कधी अक्षर आलेच नव्हते, त्या मुलाला ही योजना अक्षर केव्हा आणि कसे देणार होती? दलित समाजाच्या दृष्टीने प्राथमिक शाळेचे मोल या प्रश्नावर ठरते. म्हणून या योजनेची तपासणी तिच्या तत्त्वज्ञानावरून न करता तिच्या वेळापत्रकावरून करावी, असे मला वाटते. मी याच जिल्ह्यात शिकवतो. बुनियादी शिक्षणाचे गोडवे गाणारी भाषणे आमच्याकडे दर वर्षी होतात. वेळापत्रक मात्र कोणी वाचून दाखवत नाही.

१

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. परिषदेने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि समितीने डिसेंबरात अहवाल सादर केला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एका मूलोद्योगाभोवती गुंफलेले सर्व विषय ही योजनेची मुख्य सूत्रे. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ती स्वीकारली.

समितीने शाळेचा दिवस साडेपाच तासांचा धरला. त्यात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे दिली. संगीत, चित्रकला आणि गणित यांना मिळून ४० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे. व्यायाम १० मिनिटे, सुट्टी १० मिनिटे. म्हणजे सूत काढायला २०० मिनिटे आणि भाषेला ४०. पाचास एक असे हे प्रमाण आहे.

योजनेचे समर्थक यावर म्हणतील की हा हिशोबच चुकीचा आहे. समवाय पद्धतीत टकळी चालवता चालवताच भाषा आणि गणित शिकले जाते. या उत्तरात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मुलाने आज किती सूत काढले, पेळू कसा होता, तार का तुटला याची रोज नोंद करायची असेल, तर त्याला स्वतःच्या कामाबद्दल स्वतःची वाक्ये लिहावी लागतात. पुस्तकातला धडा पाटीवर उतरवून काढण्यापेक्षा हे लेखन कितीतरी सकस होय. शिवाय सर्व जातींच्या मुलांनी एकत्र बसून हाताने काम करावे, सफाई करावी, स्वयंपाक करावा, ही गोष्ट १९३७ सालच्या खेड्यात लहान नव्हती. मात्र हे सारे एका अटीवर अवलंबून होते. शिक्षक विलक्षण तयारीचा असला पाहिजे. तसा शिक्षक नसेल तिथे समवाय गळून पडतो आणि हातात टकळी तेवढी उरते. ही भीती खुद्द समितीलाही वाटली होती. मुलांकडून जास्तीत जास्त श्रम काढून घेण्याकडेच शिक्षकाचे लक्ष लागेल आणि शिक्षणाचा हेतू मागे पडेल, असा इशारा अहवालात दिलेला आहे.

माझा आक्षेप याहून मुळाशी आहे. मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ काय नसते, याचे उत्तर योजनेने आधीच गृहीत धरले होते. मुलाला पुस्तकी विद्या पुष्कळ मिळते, हातकाम मिळत नाही, हे ते उत्तर. पांढरपेशा घरातल्या मुलाचे हे अचूक वर्णन आहे. त्याच्या घरात पोथी होती, पंचांग होते, पत्रव्यवहार होता, श्रम नव्हते. महार, मांग, चांभार यांच्या घरातल्या मुलाची स्थिती याच्या उलट होती. त्याचे हात पाचव्या वर्षीच तयार झालेले असत. अक्षराचा मात्र त्याच्या घराला स्पर्श नव्हता. एकाच्या रोगावरचे औषध दुसऱ्याला पाजले गेले.

२

या जिल्ह्यात तर हे अधिकच ठळकपणे दिसते. नागपूर-वर्धा भागातल्या महारांचा एक जुना धंदा जाडेभरडे कापड विणण्याचा होता. गिरण्या आल्या आणि तो बुडाला. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे आमच्याच जिल्ह्यात हिंगणघाट आणि पुलगाव इथे गिरण्या उभ्या राहिल्या. गावकीत राबणारा माणूस गिरणीत गेला. तिथेही जात त्याच्या मागे आली, पण महिन्याचा पगार नगद होता आणि पाटलाच्या वाड्यासमोर उभे राहावे लागत नव्हते. पोराला शाळेत घालण्याची हिंमत अनेकांना तिथून आली. अशा समाजाच्या पोराला शाळेने पुन्हा सूत काढायला बसवले, तर बापाला काय वाटले असेल? ज्या धंद्याने आपल्याला उपाशी ठेवले, तोच आता शिक्षण म्हणून समोर ठेवला जातो आहे, हे त्याला कळत नव्हते काय?

विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह, सैयदैन, आर्यनायकम पतिपत्नी ही समितीतली नावे. यांतल्या कोणाच्याही प्रामाणिकपणाबद्दल मी शंका घेत नाही. परंतु ज्या समाजाला हातकामाचे शिक्षण हजारो वर्षे सक्तीने दिले गेले, त्याचा आवाज या नावांमध्ये ऐकू येत नाही.

ही शंका खुळचट नव्हती याचा पुरावा पुढे मद्रासने दिला. १९५३ साली राजगोपालाचारींनी तिथल्या प्राथमिक शाळांचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने ती कुलधंद्याचे शिक्षण म्हणून झोडपून काढली. १९५४ साली राजगोपालाचारींना पद सोडावे लागले आणि कामराजांच्या काळात ती योजना रद्द झाली. वर्धा योजना आणि मद्रासची योजना एक नव्हेत. वर्ध्याच्या शाळेत सगळ्या जातींची मुले एकच उद्योग शिकणार होती. मद्रासमध्ये ज्याचा त्याने बापाचा धंदा शिकायचा होता. पण अक्षराला दुय्यम ठरवले की पुढची घसरण किती सोपी होते, हे त्यावरून दिसते.

३

गांधीजींची भूमिका स्पष्ट होती. साक्षरता म्हणजे शिक्षण नव्हे. ती शिक्षणाचा शेवट तर नाहीच, सुरुवातही नाही, असे त्यांनी १९३७ सालीच लिहिले. मुलाने अक्षर आधी चित्रासारखे ओळखावे, हात चित्रकलेने तयार व्हावा आणि लिहिणे मागाहून यावे, असाही त्यांचा क्रम होता.

याच्या दहा वर्षे आधी, मार्च १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणावर बोलले. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्यांच्या मते प्राथमिक शिक्षणाचा हेतू हा की शाळेत आलेले मूल साक्षर झाल्यावरच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे.

ही दोन मते शेजारी ठेवून पाहावीत. एकाला साक्षरता आरंभ म्हणूनही पुरेशी वाटत नाही. दुसरा तिलाच शाळेची पहिली कसोटी मानतो. हा फरक विचारसरणीचा आहेच, त्याहून अधिक तो जागेचा आहे. ज्याच्या घरी अक्षर पिढ्यानपिढ्या आहे तो त्याच्या मर्यादा सांगू शकतो. ज्याला ते नाकारले गेले त्याला त्याची किंमत माहीत असते.

हातकामाचा प्रश्न जोतीराव फुल्यांनीही हाताळला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. मोडी आणि बालबोध वाचणे-लिहिणे, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही त्यांनी अभ्यासक्रमात घातले. शिक्षकाबद्दलची त्यांची अपेक्षा मला फार महत्त्वाची वाटते. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, मुलांत मिसळणारे असावेत, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला त्यांना लाज वाटू नये. अर्थात जोतीरावांनी हातकामाची परीक्षा मास्तराला लावली. मुलाच्या वाट्याला त्यांनी अक्षर आणि हिशोब ठेवला. वर्धा योजनेने हा क्रम फिरवला आणि हातकामाची परीक्षा मुलाला लावली.

नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ही दलित बाई डोक्यावरून ओझी वाहत असे. एका मिशनरी बाईने तिला लिहावाचायला शिकवले. पुढे जाईबाईंनी नागपुरात दलित मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. श्रमाचे शिक्षण तिला कोणी द्यायला नको होते, ते तिच्या मानेवर रोज होते. तिला अक्षर मिळाले आणि ओझे वाहणारी बाई शाळा चालवणारी बाई झाली.

४

आता त्या ४० मिनिटांकडे वळू. मातृभाषा या शब्दात कोणाची माता धरली आहे?

वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात मूल मले, तुले, कायले असे बोलते. त्याच्या तोंडात ‘ळ’ नाही. डोळा हा डोया, काळा हा काया आणि शाळा ही शाया. ‘ण’ही बहुधा नाही, पाणी हे पानी असते. हे बोलणे एकट्या बौद्ध वस्तीचे नाही. कुणब्याचे, तेल्याचे, गोवाऱ्याचे पोरही असेच बोलते. असे मूल पहिलीत येते आणि भिंतीवरच्या तक्त्यावर ‘ळ’ पाहते. पुण्याच्या मुलाला हे चिन्ह तेवढे नवे असते, आवाज ओळखीचा असतो. आमच्या मुलाला चिन्हही नवे आणि आवाजही नवा. एकाच तासात त्याला दुप्पट शिकायचे असते आणि याची दखल कोणत्याही पाठ्यक्रमात नाही. ते जेव्हा पाटीवर ‘शाया’ लिहिते, तेव्हा त्याने लेखनाचे मूळ तत्त्व अचूक पकडलेले असते. जसा आवाज तसे अक्षर, हेच तर आपण त्याला शिकवले. त्या क्षणी त्याच्या पाटीवर फुली पडते. फुली अक्षरावर मारलेली असते, पण मुलाला ती आपल्या आईच्या तोंडावर मारल्यासारखी वाटते. पुढची दहा वर्षे ते लिहिणे टाळते.

भिंतीवरच्या तक्त्यातली चित्रेही पाहावीत. ग गणपतीचा, य यज्ञाचा, ऋ ऋषीचा, क्ष क्षत्रियाचा. यज्ञ आणि ऋषी आमच्या मुलाने कुठे पाहिले? काही ठिकाणी आमच्या शिक्षक मित्रांनी ब बुद्धाचा, भ भीमाचा असे तक्ते केले. त्यांची भावना मी समजू शकतो आणि असे तक्ते भिंतीवर असावेत असेच म्हणेन. तरीही चित्र बदलल्याने काम संपत नाही. जोवर मुलाचे स्वतःचे शब्द फळ्यावर येत नाहीत, तोवर एका देव्हाऱ्याऐवजी दुसरा तक्ता एवढाच बदल होतो.

शुद्धलेखनाची गोष्ट याच जातीची. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले. त्यांपैकी एका नियमानुसार अकारान्त मराठी शब्दाचा उपान्त्य इकार वा उकार दीर्घ लिहायचा आणि तत्सम शब्दाचा मूळ संस्कृताप्रमाणे. म्हणून ‘फूल’ दीर्घ आणि ‘गुण’ ऱ्हस्व. ऐकून हा भेद कळत नाही. तो ज्याला संस्कृत ठाऊक त्यालाच कळतो, इतरांनी पाठ करायचा. आणि संस्कृत कोणाला ठाऊक असणार? आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. कुमुद पावडे यांना संस्कृत शिकण्यासाठी आणि ते शिकवण्याची संधी मिळवण्यासाठी काय सोसावे लागले, हे ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) त्यांनी लिहून ठेवले आहे. दार बंद ठेवायचे आणि आतल्या वस्तूंवर परीक्षा घ्यायची, असा हा न्याय आहे.

आपल्या साहित्याने या न्यायाला केव्हाच उत्तर दिले. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘जिणं आमुचं’ (१९८६) या नावांतच बोलण्याचे अनुस्वार आहेत. शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचे नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६). शांताबाई स्वतः प्राथमिक शिक्षिका होत्या. सोलापूर जिल्ह्यात १९४२ पासून त्यांनी शिकवले. ‘माझ्या’ आणि ‘जन्माची’ कसे लिहितात हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्यांनी जाणून बोलण्याचे रूप मुखपृष्ठावर ठेवले. आमची समीक्षा या आत्मकथनांतले शाळेचे प्रसंग वाचते ते अपमानाचा दस्तऐवज म्हणून. वेगळे बसवणे, पाटीचा विटाळ, पाण्याची वणवण, हे सारे त्यात आहेच. पण तीच पाने लिहायला शिकण्याचा इतिहास म्हणूनही वाचता येतात. तसे वाचन आम्ही फार थोडे केले. साहित्यात जे ‘जल्म’ गौरवले गेले, ते चौथीच्या वहीत आजही लाल शाईने खोडले जाते, आणि खोडणाऱ्यांत आमचेही लोक आहेत.

मुलाच्या शब्दांपासून शिकवता येते याची उदाहरणे जगात आहेत. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर ही शिक्षिका माओरी मुलांना विचारत असे की तुला आज कोणता शब्द हवा. मुलाने सांगितलेला शब्द ती कार्डावर लिहून देई आणि तो त्याचा होई. भीती, भांडण, माया यांचे हे शब्द मुले एकदाच पाहून वाचू लागत. तिचे ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ सालचे. हिंगणघाट तालुक्यातल्या मुलाला आपण हा प्रश्न कधी विचारला काय?

५

आज परिस्थिती काय आहे? बुनियादी शाळा मागे पडल्या. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्याच कल्पनेला कार्यानुभव हे नवे रूप दिले. सेवाग्रामला २००५ साली आनंद निकेतन शाळा सुरू झाली आणि नयी तालीमची वाट तिथे पुन्हा चालली जात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशांच्या हाताखाली काम शिकावे असे सुचवले आहे. श्रमाला प्रतिष्ठा मिळत असेल तर आमचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न जुनाच आहे. नागपूरच्या इंग्रजी शाळेतले मूल कुंभाराकडे जाईल ते सहलीला गेल्यासारखे. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलासाठी तो कदाचित पुढच्या आयुष्याचा निकाल असेल.

वाचनाकडे मात्र शासनाचे लक्ष गेले आहे, ही चांगली गोष्ट होय. २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू झाले. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे त्याचे लक्ष्य आहे. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची ४२.८ टक्केच मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली. २०१८ साली हे प्रमाण ५०.५ टक्के होते. म्हणजे १९२७ सालचा बाबासाहेबांचा प्रश्न अजून उभा आहे. पूर्वी मुले शाळा सोडून निरक्षर होत. आता शाळेत बसून राहतात आणि तरीही वाचू शकत नाहीत.

परंतु मिनिटाला किती शब्द वाचले हे मोजता येते म्हणून त्याचाच गवगवा होतो. मूल स्वतःचे वाक्य लिहू शकते काय, हे कोण मोजते? माझ्या वर्गात बी. ए. च्या पहिल्या वर्षाला येणारी बहुतेक मुले आसपासच्या खेड्यांतली, घरातली पहिलीच शिकणारी असतात. उतारा दिला तर घडाघडा वाचतात. थकलेल्या शिष्यवृत्तीबद्दल अर्ज लिहा म्हटले की लेखणी थांबते. मग कोणीतरी नेट कॅफेतून तयार नमुना आणतो आणि सगळे त्यात आपापली नावे भरतात. तहसील कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाचा धंदा आजही चालतो तो यामुळेच. घरातले सगळे साक्षर, आणि गाऱ्हाणे लिहायला पैसे देऊन दुसरा माणूस. वाचता येणारा माणूस नोटीस वाचतो, सूचना वाचतो, हुकूम वाचतो. वरच्यांना त्याची काही अडचण नसते. अडचण सुरू होते ती तो लिहू लागल्यावर.

मुक्ता साळवे या मांग मुलीने जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत थोडीच वर्षे काढली होती. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त तिचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. त्या शाळेने तिला वाचायला शिकवले आणि आपले म्हणणे आपल्या नावाने मांडायलाही शिकवले. प्राथमिक शाळेची कसोटी यापेक्षा कमी धरू नये.

म्हणून शिक्षक मित्रांपुढे आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. पहिली दोन वर्षे मुलाने ज्या बोलीत सांगितले त्याच बोलीत ते फळ्यावर आणि वहीत लिहिले जावे. ‘शाया’वर फुली न मारता तिच्या शेजारी ‘शाळा’ लिहावे आणि दोन्ही कुठे चालतात ते सांगावे. प्रमाणभाषा आम्हाला हवीच आहे, ती सत्तेची भाषा आहे. पण ती मुलाच्या भाषेच्या प्रेतावरून आणायची गरज नाही. दुसरी, रोज एक तरी वाक्य मुलाने स्वतःचे लिहावे आणि पालकसभेत मार्कांऐवजी ती वही वाचून दाखवावी. ज्या आईला वाचता येत नाही तिलाही आपल्या पोराचे म्हणणे त्यातून ऐकता येईल. तिसरी, हातकाम सर्वांना सारखे असावे, शहरातल्या महागड्या शाळांनाही, आणि त्याची सुरुवात जोतीरावांनी म्हटल्याप्रमाणे शिक्षकापासून व्हावी.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. आमच्या वस्त्यांत विहारे आहेत. संध्याकाळी तिथे आठ-दहा मुले जमवून त्यांच्याच शब्दांत त्यांना लिहायला लावणे, हे कोणत्याही पदवीधर तरुणाला जमेल. जयंतीच्या वर्गणीतून वह्यांचा खर्च सहज निघेल. १४ एप्रिलला भाषणे कमी करून त्या वह्यांतली पाने मुलांनीच वाचावीत. गावाला ती ऐकावी लागतील.